क्रूझवरचा आफ्टरनून टी : टोपी नेली, कार्डिगनने वाचवलं

सात रात्रींची क्रूझ झाली, त्यात चार दिवस नुसता समुद्र, आणि त्या चारही दिवशी दुपारी साडेतीनच्या ठोक्याला आम्ही चहाला हजर, त्यामुळे रिव्ह्यू लिहायचा हक्क आपल्याला आहे असं मी धरून चालते. चहाबद्दल सांगतेच पण आधी कपडे, कारण निघायच्या आधी दोन आठवडे ह्याच एका गोष्टीने माझं डोकं खाल्लं होतं आणि कंपनीच्या माहितीपत्रकात काय, तर दोनच शब्द, स्मार्ट कॅज्युअल. आता स्मार्ट म्हणजे किती आणि कॅज्युअल म्हणजे किती हे विचारायला फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, कम्फर्टेबल पण एलिगंट." झालं, दोन शब्दांचे आणखी दोन झाले, मी होते तिथेच.

मग काय, सगळंच भरलं. फुलाफुलांचा लांब ड्रेस, त्याच्या बाह्या कोपरापासून खाली घंटेसारख्या पसरलेल्या. पांढरी लिननची पॅन्ट. टोकदार हील्स. आणि एक टोपी. टोपी म्हणजे साधीसुधी नाही, रुंद काठाची, पुढे जाळी, आणि ती चेपू नये म्हणून तिला वेगळा गोल डबा, जो नवऱ्याने सगळ्या प्रवासात पिंडदानाला निघाल्यासारखा तोंड करून हातात धरला होता. नणंदेने माझी बॅग बघितली आणि म्हणाली, "वहिनी, चहाच प्यायचाय ना?" तिने स्वतः एक गुडघ्याखाली येणारा गडद निळा ड्रेस आणला होता आणि दोन कार्डिगन, म्हणजे पुढून बटणांचे स्वेटर. मी मनात म्हटलं, हिला मेली हौसच नाही.

पहिला दिवस. मी ड्रेस, हील्स, टोपी अशा पूर्ण अवतारात. हॉलच्या दारात सव्वातीनला पोचलो तर आधीच रांग, आणि रांगेत काय दिसलं तर साधे शर्ट, सुती पॅन्ट, गुडघ्यापर्यंतचे स्कर्ट, एकीने तर चक्क पट्ट्यापट्ट्यांचा टीशर्ट आणि त्यावर मोत्यांची माळ, आणि कसली छान दिसत होती. टोपी एकच. माझी. कोणी काही बोललं नाही, उलट एक आजी "लव्हली हॅट" म्हणाल्या, पण ते ज्या सुरात म्हणाल्या ना, तो सूर मला कळतो.

बरं टोपीचं पुढे ऐका. गोल टेबल, सहाजण, खुर्च्या खोल आणि टेबल बुटकं. मी डावीकडे बघितलं की टोपीचा काठ नवऱ्याच्या कानाला, उजवीकडे बघितलं की शेजारच्या काकांच्या चष्म्याला. पाच मिनिटांत काढली. मग ठेवायची कुठे? टेबलावर जागा नाही, खाली ठेवली तर वेटर येजा करतात, म्हणून मांडीवर, आणि मांडीवर टोपी म्हणजे नॅपकिन कुठे?

आता बाह्या. आफ्टरनून टीच्या फोटोत दिसते ती तीन मजली थाळी आमच्या जहाजावर टेबलावर ठेवत नव्हते, पांढरे हातमोजे घातलेले वेटर एकेक ट्रे घेऊन फिरतात, आधी सँडविच, मग स्कोन, म्हणजे केक आणि पावाच्या मधलं काहीतरी, मग छोटे केक, आणि आपण बोट दाखवायचं की ते चिमट्याने आपल्या बशीत ठेवतात. मला वाटलं बोट दाखवायचं म्हणजे जरा हात पुढे करून दाखवावं. केला. बाही त्या क्लॉटेड क्रीमच्या वाडग्यातून अशी अलगद, अगदी सावकाश, ओढत गेली. क्लॉटेड क्रीम म्हणजे साधं क्रीम नव्हे हो, लोण्याच्या जवळपासचं घट्ट प्रकरण, ते झटकून जात नाही. वेटरच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्याने दुसऱ्या हाताने नॅपकिन पुढे केला आणि विचारलं, "स्ट्रॉबेरी जॅम, मॅडम?" ह्या एका वाक्यासाठी सर्व्हिसला माझ्याकडून पाचपैकी पाच.

त्या रात्री केबिनमध्ये बाही धुवत बसले होते तेव्हा डोक्यात एक गोष्ट आली आणि तीच खरं तर मला सांगायचीय. हा आफ्टरनून टी सुरू केल्याचं श्रेय इंग्लंडातल्या बेडफर्डच्या सातव्या डचेसला, म्हणजे बड्या सरदाराच्या बायकोला, अ‍ॅनाला देतात. १८४० च्या आसपासची गोष्ट. रात्रीचं जेवण इतकं उशिरा व्हायचं की दुपारी चारपाचच्या सुमारास बाईंच्या पोटात कावळे ओरडायचे, म्हणून चहा आणि थोडं खायला खोलीत मागवायला लागल्या, मग मैत्रिणींना बोलवायला लागल्या, आणि पुढे त्याची रीतच पडली. आता गंमत अशी की १८७० च्या दशकापासून ह्या चहासाठी खास टी गाऊन निघाले आणि ते कसे होते, तर सैल! त्या काळच्या बायका दिवसभर कमरेला आवळून बांधलेल्या असायच्या, त्यांना घरच्या घरी चहा पिताना जरा श्वास घेता यावा म्हणून हे कपडे. टोपी आणि हातमोजे कोण घालायचं, तर बाहेरून आलेल्या पाहुण्या. घरची बाई डोक्यावर काही न घालता, सैल गाऊनमध्ये चहा ओतायची.

तर जहाजावर आपण कोण? माझी केबिन त्या हॉलच्या तीन मजले खाली होती, सकाळी मी तिथेच उठले, रात्री तिथेच झोपणार. मी पाहुणी कुठे, मी तर घरची. डोक्यावर टोपी चढवून, घट्ट कपड्यात स्वतःच्याच दिवाणखान्यात चहाला जाणारी मीच एक. नणंद मात्र बरोबर टी गाऊनच्या हिशेबाने आली होती, तिला त्यातलं काही माहीत नसताना.

ज्यांना हॉटेलात टोपीबिपी घालून चहा प्यायची सवय आहे त्यांना हे पटणार नाही, नका पटवून घेऊ, पण जहाजावर डोक्यावरच्या गोष्टींना आणखी एक शत्रू आहे, वारा. चहाला जाताना शॉर्टकट म्हणून उघड्या डेकवरून गेलात तर टोपी गेली म्हणून समजा. आणि हो, बरेच जण ह्याला हाय टी म्हणतात आणि नाव ऐकून वाटतं काहीतरी उच्च, राजेशाही, घाला दागिने. मुळात हाय टी म्हणजे कामकरी लोकांचं संध्याकाळचं पोटभर जेवण, उंच जेवणाच्या टेबलावरचं, मांसबिंस असलेलं. आपण जातो तो बुटक्या टेबलावरचा. बुटकं टेबल म्हणजे बसलं की गुडघे वर येतात, आणि गुडघे वर आले की आखूड स्कर्ट आणखी वर जातो, मग पूर्ण तासभर एक हात स्कर्ट खाली ओढण्यात आणि एकाच हाताने स्कोन फोडायचा. गुडघ्याखाली जाणारं काहीही घाला, पॅन्ट असेल तर प्रश्नच मिटला. सॅटिनचा स्कर्ट मात्र नको, नॅपकिन त्यावरून घसरगुंडीसारखा खाली जातो, आमच्या टेबलावरच्या एकीचा चार वेळा गेला, शेवटी काकांनीच उचलून दिला.

दुसऱ्या दिवशी मी लिननची पॅन्ट काढली. चुरगळलेली. बॅगेत टाकलेलं लिनन म्हणजे पापड मोडल्यासारखं, आणि केबिनमध्ये इस्त्री न्यायला जवळजवळ सगळ्याच क्रूझ कंपन्यांची बंदी असते, स्टीमरलाही, कारण जहाजावर सगळ्यात जास्त भीती कशाची तर आगीची. आमच्या मजल्यावर सेल्फ सर्व्हिस लाँड्री होती, तिथे इस्त्र्या होत्या, पण त्या रात्री फॉर्मल नाईट, म्हणजे नटूनथटून जेवायला जायची रात्र, असल्याने दुपारपासून तिथे बायकांची आणि नवऱ्यांची रांग. मी तशीच चुरगळलेली घालून गेले, पांढरी, आणि त्यावर जॅम पडलाच. जहाज फार हलत नव्हतं म्हणा, पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात ते डुलणं बरंच कमी करतात, पण कमी म्हणजे शून्य नाही. भरलेल्या कपातला चहा मधूनच एका बाजूला कलतो, मग दुसऱ्या, आणि आपण तोंडाशी कप नेलेला असताना कलला तर संपलंच. तेव्हा खाली छापील कापड किंवा गडद रंग. पांढरं, बेज, फिकट गुलाबी हे फोटोपुरतं छान.

हील्सबद्दल एवढंच, की चहानंतर त्याच हॉलमध्ये लाकडी फ्लोअरवर लोक नाचायला उठले, सत्तरीच्या जोड्या अशा सुरेख गिरक्या घेत होत्या आणि मी खुर्चीला चिकटून, कारण हलत्या गुळगुळीत लाकडावर पेन्सिल हील म्हणजे घोटा गेलाच म्हणायचा. तिसऱ्या दिवसापासून चपटे लोफर घातले. जाड बुटकी टाच असेल तरी चालेल.

आणि एसी! हे कोणी सांगतच नाही. बाहेर डेकवर ऊन, लोक पोहताहेत, आणि आत हॉलमध्ये दात वाजतात. नणंद कार्डिगनची बटणं लावून मजेत, मी बिनअस्तराच्या ड्रेसमध्ये दोन्ही हात कपाला शेकत. एकदा स्टोल नेऊन बघितला तर त्याच्या झालरी चहात. शेवटी तिनेच खालून तिचं दुसरं कार्डिगन आणून दिलं, "घ्या वहिनी, हौसेला ऊब नसते." ऐकून घेतलं, काय करणार.

पुरुषांचं सोपं आहे. कॉलरचा शर्ट, नीट पॅन्ट, बंद बूट, बास. टाय कोणाच्याच गळ्यात नव्हता. ब्लेझर चारपाच जणांनी घातला होता, माझ्या नवऱ्याने पण, आणि तो एसीसाठी, स्टाईलसाठी नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत होता. पोहण्याच्या कपड्यात, बाथरोबमध्ये किंवा अनवाणी मात्र नाही, एका माणसाला दारातून नम्रपणे परत पाठवताना मी बघितलं, केसातून पाणी गळत होतं त्याच्या. हाफ पॅन्टवाले दोघं आत होते, त्यांना कोणी अडवलं नाही. बंदराच्या दिवशी चक्कर मारली तर अर्धे लोक गाव फिरून तसेच चालायच्या बुटांत आलेले.

ज्यांच्या डोक्यात ते मोठे पारंपरिक जहाज आहे त्यांच्यासाठी, क्युनार्ड ह्या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या क्वीन मेरी २ ह्या जहाजावर हा चहा क्वीन्स रूम नावाच्या बॉलरूममध्ये असतो, तिथेही पांढरे हातमोजे आणि लाइव्ह संगीत, नावाने ऐकून छाती दडपते. पण त्यांचा कडक ड्रेस कोड सुरू होतो संध्याकाळी सहानंतर. चहा साडेतीनचा. म्हणजे तिथेही चहा दिवसाच्या कपड्यांतच मोडतो. घड्याळ बघून कपडे ठरवा, हॉलचं झुंबर बघून नको.

एक गोष्ट सगळ्यात उशिरा कळली, कंबर. साडेतीनला चहा, त्यात चार सँडविच, दोन स्कोन (पहिला क्रीम आधी लावून इंग्लंडातल्या डेव्हनसारखा, दुसरा जॅम आधी लावून शेजारच्या कॉर्नवॉलसारखा, आधी काय लावायचं ह्यावरून भांडणाऱ्या दोन्हीकडच्यांना न्याय), वर केक, आणि साडेसहाला आमची जेवणाची ठरलेली पाळी. मधे बदलायला वेळ कमी. तेव्हा कमरेला इलास्टिक किंवा सैल कट असलेला एकच ड्रेस, चहाला साधा, जेवणाला त्यावरच कानातलं आणि बरे बूट. नणंदेचा तो निळा ड्रेस असाच होता, चार दिवसांत तीनदा घातला आणि तीनदा वेगळा वाटला.

खाण्यापिण्याचं पटकन सांगते. स्कोन गरम, नंबर एक. काकडीचं सँडविच कोपऱ्यांना जरा सुकलेलं. चहा टीबॅगचा असावा असा माझा दाट संशय, अर्ल ग्रेला सुगंध होता पण दार्जिलिंग पार कढवलेला. हार्प वाजवणारी मुलगी फार गोड वाजवायची, आणि तेव्हा हातातल्या बांगड्या कपावर किणकिणल्या तर चार माना वळतात, त्या काढूनच जा. चहा आणि सर्व्हिस मिळून चार स्टार. कपड्यांची माहिती द्यायच्या बाबतीत कंपनीला एक, तोही फोनवरच्या मुलीचा आवाज छान होता म्हणून.

बाहीवरचा डाग गेला, आकार मात्र राहिलाय, उन्हात धरलं की दिसतो. टोपी पहिल्या दिवसानंतर कपाटावर पडून होती. शेवटच्या रात्री जेवून आलो तर आमच्या केबिन स्टुअर्डने पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला, आणि त्याच्या डोक्यावर माझी टोपी, जाळी अगदी सोंडेपर्यंत नीट ओढलेली. नवरा म्हणाला, "ह्याला बसतेय."