बारा डब्यांचा टी सॅम्पलर: चहा भारी, डब्यावरचं लिखाण मात्र रद्दीत घालण्यासारखं

दोन महिने रोज पिऊन मग लिहितेय, त्यामुळे 'पार्सल वेळेत आलं, पॅकिंग छान' एवढंच वाचायचं असेल तर दुसरे रिव्ह्यू बघा. एका मोठ्या खोक्यात बारा छोटे टिनचे डबे येतात, सिल्व्हर नीडल, लाँगजिंग, सेंचा, जास्मिन, ऊलाँग, आसाम, दार्जिलिंग, अर्ल ग्रे, पु-अर, कॅमोमाइल, जास्वंद आणि एक 'डिटॉक्स'. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण पुढे बरंच वाकडं बोलायचंय.

घेतला का तर मी दिवसाला सात-आठ कप दुधाचा चहा पिणारी बाई, रात्री झोपेचे वांधे, आणि नवऱ्याचं रोजचं टुमणं की तू ग्रीन टी वर ये, तो वेगळ्या झाडाचा असतो, हेल्दी असतो. तर पहिला निकाल इथेच लावून टाकते. झाड एकच. पांढरा, हिरवा, ऊलाँग, काळा, पु-अर, सगळे कॅमेलिया सायनेन्सिस नावाच्या एकाच झुडपाच्या पानांचे, फार तर जात दोन, एक चीनकडची बारीक पानाची आणि एक आसामची रुंद पानाची. पान तोडल्यावर त्याचं काय करतात यावर सगळा खेळ. सफरचंद कापून ठेवलं की काळं पडतं ना, तेच पानात होतं. पान चुरगळलं की आतलं एन्झाइम हवेशी खेळायला लागतं, ते पूर्ण होऊ दिलं तर काळा चहा, पान लगेच वाफवून किंवा कढईत भाजून थांबवलं तर हिरवा, अर्ध्यात थांबवलं तर ऊलाँग. हे एवढंसं डब्यावर लिहायला जागा नव्हती त्यांना, पण 'शरीरातील विषारी घटकांशी लढतो' हे मात्र बारापैकी नऊ डब्यांवर आहे. मोजलंय मी.

खोक्यात एक माहितीपत्रक येतं आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार त्याच्याबद्दल आहे. बाराही चहांसाठी एकच कृती, 'एक चमचा चहा, उकळतं पाणी, पाच मिनिटं'. मी बापडी विश्वास ठेवून लाँगजिंग (चिनी हिरवा चहा) तसाच केला आणि पहिल्या घोटाला तोंड असं वाकडं झालं की नवरा म्हणाला औषध घेतेयस का. कडू जहर, वर जीभ कोरडी पडलेली. मग दोन दिवस तो डबा मागे ढकलून ठेवला आणि नंतर एकदा पाणी उकळून गॅस बंद करून विसरले, आठेक मिनिटांनी आठवण आली, तेच पाणी ओतलं, दोन मिनिटांत गाळलं, आणि अरे, हा तर वेगळाच चहा! भाजलेल्या दाण्यासारखा वास, मागे हलका गोडवा. हिरव्या चहाला ७० ते ८० अंशांचं पाणी पुरतं, उकळत्या पाण्यात कॅटेचिन नावाची तुरट द्रव्यं आणि कॅफीन भसाभस उतरतात आणि तोच तो कडवटपणा. म्हणजे 'मला ग्रीन टी आवडत नाही' म्हणणारे अर्धे लोक चहाला नाही, पाण्याला नावं ठेवत असतात असं माझं ठाम मत झालंय. सेंचा जपानी पद्धतीचा, वाफवलेला, त्यामुळे त्याला ओल्या गवताची चव आहे, नवऱ्याला आवडला, मला नाही. जास्मिन ठीक, पण वास इतका की अत्तर पितोय असं वाटतं.

'एक चमचा' हे मापही येडपटच आहे. सिल्व्हर नीडल हा पांढरा चहा म्हणजे नुसत्या न उमललेल्या कळ्या, लांबट, त्यावर पांढरी लव, चिमटीत धरल्या तर मांजराच्या कानासारख्या मऊ लागतात. त्या चमच्यात चार-पाच राहतात आणि बाकीच्या ओट्यावर. उलट ऊलाँगच्या गोळ्या चमचाभर घेतल्या तर तिघांचा चहा होईल. वजनाने मोजायचा असतो हो चहा, चव तपासणाऱ्यांसाठी तर आयएसओ ३१०३ नावाचं चक्क एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, १९८० पासूनचं, १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम आणि ६ मिनिटं. तसा केलेला चहा प्यायला चांगला लागतो असं नाही, सगळे नमुने एका रेषेत यावेत म्हणून तो कडक करतात, पण निदान ग्रॅममध्ये बोलतात तरी.

आता ऊलाँग. या खोक्याचे पैसे याच डब्यात वसूल होतात. तिएग्वानयिन म्हणून चीनच्या फुजियान प्रांतातला प्रकार आहे, मिरीपेक्षा जरा मोठ्या, घट्ट वळलेल्या हिरव्या गोळ्या, कपात पडल्या की टणटण वाजतात. पाणी ओतलं की पहिला मिनिटभर काहीच होत नाही, मग एकेक गोळी हळूहळू सुटायला लागते आणि शेवटी कपाच्या तळाशी देठासकट पूर्ण पानं पडलेली असतात. एक पान काढून ताटलीत पसरून बघितलं, काठाला किंचित लालसर, मध्ये हिरवं. पानं घुसळताना काठ ठेचले जातात म्हणून लाली तिथूनच सुरू होते. तीच पानं मी चार वेळा वापरली, दुसरा कप सगळ्यात छान, फुलासारखा वास, आणि चौथा जरा पाणचट पण तरी पिण्यासारखा. यात दूध घालायची इच्छासुद्धा झाली नाही, आणि हे मी म्हणतेय.

काळ्या चहांत आसाम जोरदार, दूध पचवणारा तोच. दार्जिलिंगमध्ये दूध घातलं आणि पस्तावले, सगळा वास गेला, तो कोराच प्या. अर्ल ग्रे म्हणजे काळ्या चहाला बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या जातीच्या फळाचं तेल लावलेलं, यांनी हात सैल सोडून लावलंय. पु-अरबद्दल सांभाळून सांगते, डबा उघडल्यावर बंद कपाटाचा, ओल्या मातीचा वास येतो, खराब झालाय समजून टाकून देऊ नका. चीनच्या युनान प्रांतातला हा चहा, ओल्या पानांचे ढीग लावून सूक्ष्मजंतूंकडून मुरवतात, झटपट मुरवायची ही पद्धत १९७० च्या दशकातली. पहिलं पाणी ओतून फेकून द्यायचं आणि मग करायचा, रंग कॉफीसारखा, चव मात्र गुळगुळीत, कडू अजिबात नाही. डब्यावर लिहिलंय 'चरबी वितळवतो'. माझी तरी आहे तिथेच आहे.

आता मुद्द्याचं. आरोग्याच्या नावाखाली जे छापलंय त्यातलं कामाचं जवळपास काही नाही आणि जे कामाचं आहे ते छापलेलंच नाही. सिल्व्हर नीडलवर मोठ्या अक्षरात 'कॅफीन अत्यल्प, रात्रीसाठी उत्तम'. मी भोळी, रात्री साडेनऊला मोठा मग भरून घेतला आणि दोन वाजेपर्यंत छताकडे बघत पडले. मग वाचायला बसले तेव्हा कळलं की झुडपात सगळ्यात जास्त कॅफीन कोवळ्या कळ्यांत आणि शेंड्याच्या पानांतच असतं (किडीपासून बचाव म्हणून), आणि हा चहा म्हणजे नुसत्या कळ्याच! रंग फिका म्हणून कॅफीन कमी, हा हिशोब साफ चुकीचा. शरीरात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं बाहेर पडायला साधारण पाच तास जातात, माणसागणिक कमी-जास्त. काळ्या चहाच्या मोठ्या कपात ४०-५० मिलिग्रॅम धरा, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली धडधाकट माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि गरोदर बाईला २०० पर्यंत ठीक म्हटलंय, म्हणजे माझे जुने आठ कप बरोबर कुंपणावर होते, आणि त्यातले दोन संध्याकाळी सहानंतरचे. झोप का येत नव्हती याला डिटॉक्सची गरजच नव्हती, घड्याळाची होती. आता चारनंतर चहा बंद.

धाकट्या बहिणीचं हिमोग्लोबिन कमी, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात आणि ही बया गोळी चहाबरोबर गिळायची. चहातले टॅनिन वगैरे पॉलिफेनॉल वनस्पतींतलं आणि गोळीतलं लोह धरून ठेवतात, ते रक्तात जातच नाही नीट. जेवण किंवा गोळी आणि चहा यात निदान तासभर अंतर ठेवायचं, एवढी एक ओळ प्रत्येक डब्यावर असती तर मी एक स्टार वाढवून दिला असता. तसंच गरम चहाचं. फुर्र करत चटका बसेल असा पिणाऱ्यांनो, २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवरच्या संस्थेने ६५ अंशांवरची पेयं अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या 'संभाव्य कारणां'मध्ये टाकली आहेत, दोष चहाचा नाही, चटक्याचा. ओतल्यावर चार-पाच मिनिटं थांबा, बिघडत काही नाही.

म्हणजे चहा वाईट का, तर तसंही नाही. ब्रिटनमध्ये जवळपास ५ लाख लोकांवरचा एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये आला, रोज दोन किंवा जास्त कप पिणाऱ्यांत अभ्यासाच्या काळात मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्के कमी दिसला, आणि तो बहुतेक साध्या काळ्या चहाचा, दूध घाला नाहीतर नका घालू. आता यावरून चहानेच वाचवलं असं म्हणता येत नाही, निवांत बसून चहा पिणारी माणसं इतर बाबतीतही वेगळी असू शकतात. पण ग्रीन टी म्हणजे अमृत आणि काळा म्हणजे पाप या जाहिरातींना तेवढंच उत्तर पुरे. चहा पिऊन तरतरी येते पण कॉफीसारखी धडधड होत नाही असं बरेच जण म्हणतात, त्याचं श्रेय थियानिन नावाच्या चहातल्या अमिनो आम्लाला दिलं जातं, आणि माझाही अनुभव तसाच आहे. खोक्यात ग्रीन टी अर्काच्या गोळ्यांचं कुपनही होतं, ते मी फाडून टाकलं. कपातला चहा वेगळा आणि अर्क वेगळा, गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (हिरव्या चहातलं मुख्य कॅटेचिन) गेलं तर लिव्हरला त्रास होऊ शकतो असं त्याच युरोपियन संस्थेने २०१८ मध्ये सांगितलंय.

राहिले शेवटचे तीन डबे. त्यात चहा नावाला नाही, ती फुलं आणि काढे आहेत. कॅमोमाइल बरा, कॅफीन नाही. जास्वंद म्हणजे खरं तर लाल अंबाडीची बोंडं, आंबट, रंग सुंदर, बीपी थोडं उतरतं असं काही चाचण्यांत दिसलंय पण म्हणून गोळी सोडू नका. आणि डिटॉक्स. तो नायलॉनच्या पिरॅमिड पिशव्यांत येतो, तेच आधी खटकलं, कारण २०१९ मध्ये कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाने अशा प्लास्टिकच्या एका पिशवीतून ९५ अंशांच्या पाण्यात हजारभर कोटींहून जास्त सूक्ष्म कण सुटतात असं मोजलं होतं. पण नवऱ्याने उत्साहात रात्री जेवणानंतर दोन पिशव्या घातल्या. पहाटे साडेतीनपासून सकाळी आठपर्यंत माणूस बाथरूमच्या बाहेर फार वेळ दिसला नाही. भिंग घेऊन डब्याच्या तळाचं वाचलं, बडीशेप, ज्येष्ठमध, आणि मधोमध गुपचूप सोनामुखी. सोनामुखी! जुलाबाचं औषध आहे ते, चहा कसला. दुसऱ्या दिवशी वजन एक किलो कमी भरलं म्हणून तो खूश होता, संध्याकाळपर्यंत पाणी पिऊन परत आलं. वर ज्येष्ठमध रोज भरपूर पोटात गेलं तर बीपी वाढवतं, पोटॅशियम उतरवतं, बीपीवाल्याने तर लांबच राहावं, पण इशारा कुठेही नाही. मेल टाकला तर उत्तर आलं की 'हा शुद्धीकरणाच्या प्रक्रियेचा नैसर्गिक भाग आहे'. यावर काय बोलणार.

पाचपैकी तीन स्टार. तीनही पानांना. घ्यायचाच असेल तर माहितीपत्रक वाचू नका, छोटा वजनकाटा आणि जमलं तर थर्मामीटर ठेवा, आणि डिटॉक्सच्या जागी त्यांनी रूइबॉस (दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाचा लालसर काढा) द्यावा, कॅफीनही नाही आणि कुणाची रात्रही जाणार नाही.

अपडेट: ऊलाँग संपला. तो एकटा मागवायला गेले तर सुटा मिळत नाही म्हणे, पूर्ण खोकंच घ्यावं लागतं. म्हणजे परत डिटॉक्स. नवरा म्हणतोय अजिबात नाही.