जुन्या गॅसबत्तीसोबत मिळालेले खोटे बिल

जुन्या पेट्रोमॅक्स बत्त्या जमवणाऱ्या गोव्यातील सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे की, पोर्तुगीज काळातील दुकानाचे हस्तलिखित बिल सोबत मिळते म्हणून कोणतीही बत्ती अस्सल मानू नये. अशा बिलाच्या जोरावर जोडकाम केलेल्या बत्त्या विकणारा एक इसम बार्देश भागात फिरत असून त्याने मला ३१ हजार रुपयांना फसवले आहे.

पेडणे आणि डिचोलीकडची दशावतारी नाटके, जत्रा, लग्नाच्या वराती ज्या गॅसबत्त्यांच्या उजेडात पार पडल्या, त्या कोणत्या बनावटीच्या होत्या आणि गोव्यात कशा आल्या, याच्या नोंदी मी करीत असतो. कोणी कागदपत्रांसह जुनी बत्ती दाखवली तर माझ्या दृष्टीने तो कागद बत्तीइतकाच मोलाचा असतो, आणि हे त्या विक्रेत्याला चांगले ठाऊक होते. बत्ती म्हापशात दाखवली गेली. टोपावर बर्लिनच्या एरिख उंड ग्रेट्झ कंपनीचे नाव होते, बर्नरही जुना आणि खरा होता. टाकी मात्र त्याने उघडू दिली नाही. जुने वायसर एकदा हलले की तुटतात आणि पुन्हा मिळत नाहीत, असे कारण त्याने दिले. बिल मडगावच्या एका दुकानाचे, १९३४ सालचे, पोर्तुगीजमध्ये वळणदार अक्षरात लिहिलेले आणि कडांना पिवळे पडलेले होते.

टाकी उघडून दाखवण्यास नकार मिळाला तर तिथेच व्यवहार थांबवावा असे मी आता सर्वांना सांगतो, कारण गॅसबत्तीत काच, मेंटल (बर्नरवर बांधायची जाळीची छोटी पिशवी), पिन, वायसर हे सारे बदलता येते, पण टाकी हाच तिचा जीव असतो. पंपाने भरलेल्या हवेच्या दाबामुळे रॉकेल वर चढते, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते, ती वाफ हवेत मिसळून जळते आणि तिच्या उष्णतेने मेंटल झगझगीत पांढरे होते. ऑस्ट्रियाचे आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८९१ मध्ये थोरियम ऑक्साइडमध्ये अवघा १ टक्का सेरियम ऑक्साइड मिसळून जे मेंटल सिद्ध केले, त्यामुळेच हा प्रखर उजेड शक्य झाला. (थोरियम किंचित किरणोत्सारी असल्यामुळे जुन्या फुटक्या मेंटलची राख हुंगू नये, हेही इथेच सांगून ठेवतो.) पेट्रोमॅक्सच्या दाबमापकावरची लाल खूण २ बारवर असते; टाकी तेवढा दाब सहन करणारी नसेल, तर पेटत्या बर्नरखाली दाबाखालचे रॉकेल बाहेर फवारले जाते.

घरी आणल्यावर टाकीला लोहचुंबक लावला, तर तो घट्ट चिकटला. पितळेला चुंबक चिकटत नाही, म्हणजे निकेलचा मुलामा दिलेली पितळी टाकी म्हणून विकलेली वस्तू पत्र्याची होती. रॉकेल न भरता, न पेटवता पंपाने थोडी हवा भरून टाकी पाण्याच्या बादलीत बुडवली, तेव्हा बुडाच्या कडेने बारीक बुडबुड्यांची रांग वर येऊ लागली. तिथला चंदेरी रंग नखाने खरवडला, तर खाली राखाडी एम-सील दिसले. ही बत्ती "आजही पेटते, आज रात्रीच पेटवून बघा" असे विक्रेत्याने मला सांगितले होते. पैशांपेक्षा या वाक्याचा मला अधिक संताप येतो.

बिलाचा उलगडा शेजारच्या काकांनी केला. पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या त्यांनी कागद हातात घेतला आणि किमतीवर बोट ठेवले. ती ९० एस्कुदो लिहिलेली होती. गोव्यात १९५८ पर्यंत रुपिया चालत असे, तिचे सोळा तंगा होत. एस्कुदो त्यानंतर आला आणि १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज सत्ता संपेपर्यंतच काय तो टिकला. १९३४ च्या मडगावात बत्तीची किंमत एस्कुदोत लिहिणे कोणत्याही दुकानदाराला शक्य नव्हते. पोर्तुगालचे चलन डोळ्यांसमोर ठेवून, इथल्या चलनाची माहिती नसलेल्या कोणीतरी ते बिल अलीकडे लिहिले आहे.

विक्रेत्याला हे कळवताच त्याने आधी "जुन्या वस्तूला हमी नसते" असे उत्तर दिले आणि मग फोन उचलणेच बंद केले. पुढे फोंड्यातील एका संग्राहकाने मला स्वतःकडचे बिल दाखवले, ते वेगळ्या बत्तीचे होते, पण दुकान तेच, हस्ताक्षर तेच आणि बिल क्रमांकही तोच होता. दोन्ही बिले, यूपीआयची नोंद आणि संभाषणाची छायाचित्रे जोडून आम्ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार दिली आहे.

एस्कुदोत किंमत असलेले असे १९५८ पूर्वीच्या तारखेचे बिल कोणाकडे असेल, तर ते फाडू नये, विक्रेत्याला परत देऊ नये आणि जवळच्या पोलीस ठाण्यात त्याची प्रत द्यावी. त्यासोबत आलेली बत्ती पेटवण्याआधी टाकी पाण्यात बुडवून तपासावी, आणि एकही बुडबुडा आला तर तिच्यात रॉकेल भरू नये.