वेब्ली ठेवावी की स्मिथ? बत्तीस बोअरच्या दोन जुन्या रिव्हॉल्व्हरांबद्दल

२०१९ च्या डिसेंबरात शस्त्र कायदा बदलला आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील असं ठरलं. खान्देशातल्या बऱ्याच जुन्या घरांत तेव्हा नको ती निवड करायची वेळ आली. मळ्यावरची बाराबोअर कोणी सोडत नाही, म्हणजे घासाघीस उरलेल्या दोघींत. आमच्याकडे त्या दोघी म्हणजे आजोबांपासून चालत आलेली वेब्ली मार्क फोर आणि काकांनी हौसेनं घेतलेली स्मिथ अँड वेसनची हँड इजेक्टर. जादाचं हत्यार वर्षभरात जमा करायचं होतं. मी स्मिथ ठेवली. का ठेवली ते सांगतो. तुमचं मन वेब्लीकडे ओढ घेत असेल तर त्यातही काही वावगं नाही.

आधी बोअरचं बोलून टाकू. गप्पांत सगळे पहिल्या महायुद्धातल्या .४५५ वेब्लीवर आणि पोलिसांच्या अडतीसवर येतात, पण ते बोअर आपल्या साध्या परवान्यावर बसत नाहीत. आपल्याला बत्तीस. १९८० च्या दशकात बाहेरून हत्यारं आणणं बंद झालं, तेव्हापासून देशात आहे तेवढाच विलायती माल हातोहात फिरतो आहे आणि त्याचे भाव सोन्यासारखे एकाच दिशेनं जातात. काडतुसं मात्र दोघींची तीच, खडकीची. गंमत बघा, वरणगावची फॅक्टरी आमच्या अंगणात. तिथे लष्कराच्या रायफलींचा दारूगोळा होतो आणि आमची बत्तीसची गोळी येते पुण्याकडून.

हातात घेतल्यावर पहिला कौल वेब्लीलाच जातो, हे कबूल. तिची मूठ तळहात भरते. कपाशी वेचलेला, औत धरलेला आपल्याकडचा रुंद पंजा त्या जुन्या स्मिथच्या चिमुकल्या मुठीवर नीट बसतच नाही, करंगळी खाली लोंबकळते. वेब्लीची डाव्या अंगाची कळ अंगठ्यानं दाबली की नळी पुढे वाकते, सिलिंडरच्या मधली, काडतुसांच्या कडा धरून त्यांना वर उचलणारी चांदणी वर येते आणि रिकाम्या पुंगळ्या एका झटक्यात बाहेर. बघणारा हरखतो. रेंजवर माझ्या हातून वेब्लीचे बार स्मिथपेक्षा एकमेकांच्या जवळ पडायचे, निदान मला तरी तसं वाटायचं. घोडा चढवून मारलं तर दोघींत फारसा फरक नाही. नुसत्या चापावर स्मिथ जरा गुळगुळीत चालते.

आता त्या चांदणीचंच दुखणं. बार टाकून झाल्यावर ती जितकी सोयीची, तितकीच भरलेलं हत्यार उघडताना त्रासाची. केळीचा हिशेब चुकता करून रात्री रावेरहून घरी आलं की मी आधी रिव्हॉल्व्हर रिकामं करून कपाटात ठेवतो. वेब्ली उघडून नुसतं आत डोकावायचं म्हटलं तरी नळी वाकली की चांदणी उठणारच. गोळी पुंगळीपेक्षा लांब आणि जड, ती पूर्ण बाहेर पडत नाही. अर्धी वर येते आणि परत घसरते. नळी आडवी धरून हळू उघडली असेल तर एखाद्या काडतुसाची कड चांदणीच्या खाली जाऊन बसते. मग चांदणी खाली जात नाही, नळी मिटत नाही, आणि तुम्ही कपाटासमोर अर्धवट उघडं, भरलेलं हत्यार धरून नखानं काडतूस उकरत उभे. आतून आवाज येतो, "काय व्हयनं?" काय सांगणार!

जाणकार म्हणतात, नळी आभाळाकडे करून एका दमात उघडायची, मग असं होत नाही. खरं आहे. रेंजवर मी तसंच करायचो आणि कधी अडलं नाही. पण घरात तसं केलं की सहाही गोळ्या निसटतात, त्यातली एखादी हमखास पलंगाखाली. काडतुसांचा कोटा परवान्यावर लिहिलेला असतो, एकेक मोजून मिळतं. हरवलं तर डीलरपुढे आणि ठाण्यात तोंड द्यावं लागतं. रात्री बॅटरी लावून पलंगाखाली रांगायची हौस मला नाही.

स्मिथचं तसं नाही. अंगठ्यानं कळ पुढे ढकलली की सिलिंडर डावीकडे बाहेर झुलतो आणि गोळ्या जागच्या जागी दिसतात. मोजा, मिटा, झालं. काढायच्या असतील तर सिलिंडरच्या पुढची सळई दाबून हातात घ्या. सळई अर्धीच दाबली तर तिथेही कड अडकते, पण नुसतं बघायला ती दाबावी लागत नाही. माझ्या तराजूत हा एक गुण वेब्लीच्या मुठीपेक्षा जड ठरला.

दुसरं कारण निवडणुकांचं. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, नगरपालिका. आचारसंहिता लागली की हत्यार ठाण्यात जमा, आणि परत मिळेपर्यंत ते कापडात गुंडाळून पडलेलं. एकदा वेब्ली परत आली तेव्हा बिजागरीच्या खोबणीत गंजाचे ठिपके होते. यात ठाण्याला तरी किती बोल लावायचा, भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यातला घाम आणि त्यामागून येणारी पावसाची दमट हवा कोणत्याही जुन्या निळ्या मुलाम्याला पुरून उरते. पण वेब्लीत गंज धरायला सांधे जास्त आहेत. स्मिथ बाहेरून पुसली की बऱ्यापैकी भागतं.

कानपूरचं नवं बत्तीस घ्यावं का, असंही विचारतात. नवं कोरं, कागदपत्रं स्वच्छ, सुटे भाग मिळतात. जुन्याच्या भानगडीत पडायचं नसेल तर तेच बरं. पण तिथलं नेहमीचं मॉडेलही वेब्लीसारखं मधून मोडणारं, म्हणजे चांदणी आलीच, आणि चाप माझ्या बोटाला भलताच जड लागला. कानपूरचंच २०१४ चं निर्भीक वजनाला हलकं आहे, एवढंच म्हणतो. कोल्टची पोलिस पॉझिटिव्ह आपल्याकडे क्वचित दिसते. तिची कळ मागे ओढायची आणि सिलिंडर स्मिथच्या उलट दिशेला फिरतो. सुंदर वस्तू, पण सिलिंडर फिरवणारी खिट्टी झिजली की दुरुस्त करणारा कारागीर शोधत फिरा. सातपुड्यापलीकडून येणाऱ्या गावठी कट्ट्याचं नावच काढू नका.

जुनी स्मिथ घ्यायला निघालात तर दोन गोष्टी. १८९६ चं अगदी पहिलं मॉडेल असेल, ज्याच्याबरोबर ही बत्तीस लाँगची गोळी आली, तर त्याला अंगठ्याची कळ नाही, सळई पुढे ओढून सिलिंडर सोडवावा लागतो. संग्रहाला उत्तम, रोजच्याला नको. आणि मुठीच्या पुढच्या कडेला खाली एक छोटा स्क्रू असतो, तो पूर्ण कसलेला आहे ना बघा. चाप हलका लागावा म्हणून विकणारे तो सैल करून ठेवतात, मग घोडा पडतो आणि बार उडत नाही. वेब्लीच घ्यायची ठरली असेल तर रिकामी, मिटलेली असताना नळी धरून वरखाली हलवून बघा. कळीजवळ खडखड ऐकू आली तर भाव पाडून मागा, किंवा सरळ उठून या.