नळी मोडणारी, पक्क्या नळीची की पीसीपी? एअर रायफल घेण्याआधी

स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्य जिंकल्यापासून नाशिकमधल्या ओळखीतल्या तिघांनी तरी मला विचारलं, "मुलीला नेमबाजी शिकायची आहे, कोणती रायफल घेऊ?" आधी एक गैरसमज दूर करतो. कुसाळेचा प्रकार 50 मीटर थ्री पोझिशन, म्हणजे काडतुसाची रायफल. तुमच्या घरी येणार आहे ती अभिनव बिंद्राने 2008 मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकलं त्या 10 मीटरच्या प्रकारातली: 4.5 मिलिमीटरचा छर्रा आणि वाऱ्याचा दाब. तिची ताकद 20 ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही.

दुकानात गेलात की पहिल्यांदा वेग सांगतात. "साहेब, सेकंदाला हजार फुटांची आहे." त्याकडे लक्ष देऊ नका. स्पर्धेतला छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला साधारण 170 मीटरने जातो, म्हणजे साडेसात ज्यूलच्या आसपास. कागदाला भोक पाडायला तेवढं पुष्कळ. वेग आवाजाच्या वेगाजवळ, म्हणजे 340 मीटरकडे गेला की छर्रा डगमगतो, आणि त्यापलीकडे गेला तर फटाक्यासारखा कडाका होतो. एकाच आकड्यापायी नेम आणि शेजारी, दोन्ही हातचे जातात.

खरी निवड नळीची आहे. ब्रेक बॅरलमध्ये नळीच खाली मोडून स्प्रिंग चढवायची. अंडरलिव्हर किंवा साइडलिव्हरमध्ये नळी जागची हलत नाही, दांडा वेगळा असतो. पीसीपीमध्ये, म्हणजे आधीच हवा भरून ठेवलेल्या रायफलीत, छर्रा स्प्रिंगच्या जोरावर जात नाही, साधारण 200 बार दाबाने भरलेल्या नळकांड्यातली हवा त्याला ढकलते.

ब्रेक बॅरल स्वस्त आणि सुटसुटीत, पण तिच्यात नळी हाच तरफेचा दांडा आणि नळी हाच नेम. रोज शंभर वेळा मोडायची आणि प्रत्येक वेळी ती तंतोतंत त्याच जागी बसायला हवी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लेथवर काम केलेल्यांना हे लगेच पटेल. 40 सेंटीमीटरच्या नळीचं टोक दशांश एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं की 10 मीटरवर छर्रा अडीच मिलिमीटर सरकतो. टार्गेटवर दोन वर्तुळांमधलं अंतर बरोबर अडीच मिलिमीटर आहे, आणि दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे बिजागरीच्या ढिलाईने टोक दशांशभर हललं की गेला एक गुण.

ब्रेक बॅरल घेणारच असाल तर दुर्बीण लावू नका. नेम धरायची पुढची माशी आणि मागची साइट दोन्ही नळीवरच बसवलेल्या असतील, तर नळी किंचित झुकली तरी नेम तिच्याबरोबर झुकतो आणि चूक बरीचशी सावरली जाते. दुर्बीण मागे, स्प्रिंग असलेल्या सिलिंडरवर बसते, ती नळीबरोबर हलत नाही. माझ्या पहिल्या रायफलवर मी हौसेने दुर्बीण चढवली आणि दोन महिने स्वतःच्या हातालाच दोष देत राहिलो.

पक्क्या नळीच्या अंडरलिव्हरमध्ये हा प्रश्न मिटतो. वजन वाढतं आणि छर्रा भरायला जागा थोडी अडचणीची असते, पण घरी सराव करणाऱ्याला मी हीच सुचवतो. एक गोष्ट मात्र दोन्ही स्प्रिंगच्या रायफलींना लागू आहे. चाप दाबल्यावर छर्रा बाहेर पडायच्या आत स्प्रिंगने ढकललेला आतला पिस्टन धावतो आणि रायफल हलते. म्हणून दस्ता आवळून धरायचा नाही, तळहातावर नुसता टेकवायचा, आणि दर वेळी त्याच जागी.

लांब नळी म्हणजे अचूक नळी, हा समज अजून जात नाही. स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा पहिल्या 25-30 सेंटीमीटरमध्येच बहुतेक वेग घेतो. पुढची नळी मोडायला तरफ म्हणून कामाची, वेगासाठी नाही. स्पर्धेच्या महागड्या पीसीपी नीट बघा. बाहेरून लांबलचक दिसतात, पण आतली खरी नळी साधारण 42 सेंटीमीटरची असते. पुढचं नळकांडं फक्त माशी लांब नेण्यासाठी.

अचूकता ठरते ती शेवटच्या दोन-तीन सेंटीमीटरमध्ये. चांगल्या नळीत, जर्मनीच्या लोथार वाल्थरसारख्या, आत छर्ऱ्याला फिरकी देणारे बारीक आटे असतातच, शिवाय तोंडाशी नळी काही शतांश मिलिमीटरने आवळलेली असते. याला चोक म्हणतात. थोडे लहानमोठे छर्रे तिथून एकसारखे होऊन बाहेर पडतात. हे हाताला कळतं. रिकाम्या, न चढवलेल्या रायफलीत मागून एक छर्रा लाकडी काडीने हळूहळू ढकला. सुरुवातीला आट्यांत शिरताना अडतो, मग लोण्यासारखा सरकतो आणि तोंडापाशी पुन्हा घट्ट होतो. मध्येच कुठे सैल, कुठे घट्ट लागलं तर ती नळी परत ठेवा.

दुसरी परीक्षा तोंडाच्या कडेची. कान साफ करायची कापसाची काडी कडेवरून गोल फिरवा. कापसाचे धागे एकाच जागी अडकले तर तिथे खरवड आहे. छर्रा बाहेर पडताना मागची हवा त्या बाजूने आधी निसटते आणि छर्रा कलतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात ही कड गंजते, म्हणून दर वेळी तेलाचं बोट पुसून ठेवा. साफ करताना लोखंडी गज तोंडाकडून घालू नका.

आता आवाजाचं. इंदिरानगरसारख्या दाट वस्तीत राहणाऱ्याला हा प्रश्न नेमाइतकाच महत्त्वाचा. स्प्रिंगच्या रायफलीत तोंडातून येणारी हवा थोडी, आवाज मुख्यतः स्प्रिंगचा आणि पिस्टन आपटल्याचा. तो दस्त्यातून तुमच्या गालाला जास्त जाणवतो, शेजाऱ्याला कमी. अपवाद नव्या रायफलीचा. सिलिंडरमध्ये तेल राहिलं असेल तर दाबाने ते पेटतं, धूर येतो आणि सुतळी बॉम्बसारखा आवाज होतो. माझ्या नव्या रायफलीच्या पहिल्याच छर्ऱ्याला समोरच्या गॅलरीत तिघं उभे राहिले होते. त्या काळात छर्रेही कुठेही जातात. पन्नासेक छर्रे जाऊ द्या, मगच नेम लावा.

पीसीपीचं उलट. आत जड पिस्टन धावत नाही, धक्का जवळजवळ नाही, म्हणून नवख्यालाही चांगले गुण मिळतात. पण छर्ऱ्यामागे दाबाखालची हवा एकदम मोकळी होते आणि आवाज तोंडाशी होतो. इथे मात्र लांब नळीचा फायदा आहे, हवेला आतच पसरायला जागा मिळते. काही पीसीपींना नळीभोवती दुसरी रुंद नळी असते, श्राउड. हवा तिच्यात पसरून थंडावते. तो कारखान्यातूनच बसवलेला आणि सरळ असायला हवा, छर्रा आतल्या चकतीला निसटता जरी लागला तरी नेम गेला. आवाज दाबायचा वेगळा नळा बाहेरून आणून जोडू नका. आवाज कमी करणाऱ्या जोडण्या आपल्या शस्त्र नियमांत प्रतिबंधित गटात आहेत. आणि स्पर्धेच्या रायफलीच्या तोंडाशी जी भोकं दिसतात, ती हवा बाजूला काढून छर्रा शांत ठेवण्यासाठी असतात, आवाज कमी करण्यासाठी नाहीत.

तरी सांगतो, माझ्या गच्चीवर सर्वात मोठा आवाज रायफलीचा नव्हताच. तो होता टार्गेटमागच्या पत्र्याच्या पेटीवर छर्रा आदळल्याचा. पेटीत जुन्या गोधडीच्या चिंध्या ठासून भरल्या आणि मागे पक्की भिंत ठेवली, तेव्हापासून खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार आलेली नाही.

मुलगी आठवड्यातून तीन दिवस रेंजवर जाणार असेल तर वर्षभर तिथलीच पीसीपी वापरू द्या. स्पर्धेची रायफल लाखांत जाते, तिची हवाही पुन्हा पुन्हा भरावी लागते. घरी सरावाला पक्क्या नळीची अंडरलिव्हर घ्या आणि दुकानात जाताना खिशात कापसाची काडी न्या. निफाड-दिंडोरीकडे बाग असेल आणि द्राक्षांवरचे पक्षी हाकलायला ही चालेल असं कोणी म्हटलं, तर साफ नाही म्हणा. 1972 च्या वन्यजीव कायद्याने बहुतेक पक्ष्यांना संरक्षण आहे, ही रायफल फक्त कागदासाठी.