ग्राफिक्स कार्डाची मेमरी आणि दोन मॉनिटर: दिवाळीपासून आत्तापर्यंतचा अनुभव

कार्ड चांगलं आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण मार्चमध्ये कुणी विचारलं असतं तर मी एक स्टार दिला असता आणि आज चार देतोय. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ८ जीबी जीडीडीआर६ (मेमरीचा प्रकार), १२८ बिट (मेमरीच्या रस्त्याची रुंदी), एवढ्यावरून कुठल्या वर्गातलं ते तुम्हाला कळलंच असेल, आणि दोन मॉनिटर लावले की काम नसतानाही कार्ड तापून पंखे फिरण्याचा हा प्रकार एनव्हिडिया असो नाहीतर एएमडी, दोन्हीकडच्या कार्डांत होतो, त्यामुळं एकाच कंपनीच्या नावानं ओरडण्यात काही अर्थ नाही.

माझं काम फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं, सांगलीत विश्रामबागला घरूनच करतो. एका स्क्रीनवर फोटोशॉप नाहीतर कोरल, दुसऱ्यावर व्हॉट्सॲप वेब, कारण गिऱ्हाईकं फोटो आणि मजकूर सगळं तिथंच टाकतात. जुना मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र काढणारा, चांगला चालतोय तर काढायचा कशाला म्हणून ठेवला, आणि शेजारी नवा १४४ चा घेतला. दोन्ही फुल एचडी, दोन्हीच्या केबल कार्डात.

थंडीत काहीच जाणवलं नाही. फेब्रुवारी संपता संपता उकाडा सुरू झाला तसा त्रास सुरू झाला. या कार्डाचे पंखे गार असताना बंदच राहतात, पन्नास-पंचावन्न डिग्रीच्या वर गेलं की फिरतात. आता काहीही उघडलेलं नसताना, नुसता डेस्कटॉप समोर असताना पंखे फिरायला लागले. घर्र करून अर्धा मिनिट फिरणार, थांबणार, जरा वेळानं परत घर्र. सलग फिरले असते तर एकवेळ सवय झाली असती पण हे चालू-बंद चालू-बंद रात्री घर झोपल्यावर अक्षरशः डोक्यात जातं. अधूनमधून जुना मॉनिटर सेकंदभर काळा व्हायचा आणि परत यायचा, ते वेगळंच.

दुकानदाराकडं गेलो तर ऐकून घ्यायच्या आधीच म्हणाला, "मालक, दोन मॉनिटर म्हटल्यावर आठ जीबी मेमरी कमीच पडणार, बारा जीबीचं घ्या, हे मी विकून देतो." हे मला अजिबात पटलं नाही आणि तुम्हालाही कुणी असं सांगितलं तर पैसे काढायच्या आधी हिशोब करा. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २०.७ लाख पिक्सेल, एका पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एक अख्खं चित्र ८.३ एमबीचं. दोन मॉनिटर, प्रत्येकाची तीन-तीन चित्रं मेमरीत धरली तरी पन्नास एमबी होतात. आठ जीबीतला एक टक्कासुद्धा नाही!

मोठा फ्लेक्स उघडला की जड होतं ते खरं, पण त्याचं कारण दुसरं. २० बाय १० फुटाचा फ्लेक्स ७२ च्या रिझोल्युशनला (इंचाला ७२ पिक्सेल) १७२८० गुणिले ८६४० पिक्सेल होतो, म्हणजे सीएमवायकेमधला (छपाईचे चार रंग) एक भरलेला लेयर जवळजवळ ६०० एमबी. ते ओझं मुख्यतः रॅमवर आणि स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे फोटोशॉप तात्पुरता डेटा ठेवतं त्या डिस्कवर पडतं. कार्डाची मेमरी कोण खातंय ते बघायचं तर टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्समध्ये जाऊन डेडिकेटेड जीपीयू मेमरीचा कॉलम चालू करा. माझ्याकडं फोटोशॉप, क्रोम सगळं धरून अर्धीसुद्धा भरत नव्हती. तिथंच शेअर्ड म्हणून जो आकडा दिसतो ती कार्डाची मेमरी नव्हे, ती गरज पडली तर कॉम्प्युटरच्या रॅममधून उसनी मिळणारी. दुकानात दोन्ही एकत्र करून सांगतात, फसू नका.

मग वॉरंटीत पाठवलं. कार्ड पुण्याला गेलं, बरेच दिवस तिकडंच पडून, ऐन लग्नसराईत मी मदरबोर्डच्या आउटपुटवर काम ओढतोय, आणि शेवटी परत आलं ते "नो फॉल्ट फाउंड" अशी चिठ्ठी लावून. फोन लावला. विचारलं, किती मॉनिटर लावून तपासलं? तर म्हणे, "एकच सर, आमच्या टेस्टिंगला एकच असतो." तक्रारीत पहिल्याच ओळीत दोन मॉनिटर असं लिहिलेलं! वाचलंच नाही कुणी. याचा राग अजून गेलेला नाही आणि पाचवा स्टार त्याचाच कापलाय.

पण त्या एकच मॉनिटरवाल्या उत्तरानंच दिशा मिळाली. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं, त्यात सेन्सर्समध्ये मेमरी क्लॉक, म्हणजे मेमरीचा वेग दिसतो. दोन्ही मॉनिटर लावलेले, काम काही नाही, तरी मेमरी पूर्ण १७५० मेगाहर्ट्झवर अडकलेली. जुन्या मॉनिटरची केबल उपसली, आकडा झपकन खाली. परत लावली, परत १७५०. पंखे का फिरत होते ते डोळ्यासमोर आलं.

कारण असं आहे. मॉनिटर एक चित्र वरपासून खालपर्यंत काढून झालं की पुढचं सुरू करायच्या आधी अगदी बारीक सवड असते. मेमरीचा वेग बदलायचा तर त्या सवडीतच बदलावा लागतो, कारण बदलताना क्षणभर मेमरीतून काही वाचता येत नाही आणि स्क्रीन लुकलुकते. आता ६० हर्ट्झवाला दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र मागतो आणि १४४ वाला दर ६.९ नी, दोघांची सवड एकत्र येतच नाही. मग ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) वेग खाली आणायचा नादच सोडतो. मेमरी कमी पडते म्हणून नव्हे बरं का, १४४ हर्ट्झला एका स्क्रीनला सेकंदाला जेमतेम सव्वा जीबी वाचायला लागतं आणि या कार्डाची ताकद २२४ जीबीची आहे.

उपाय फुकटचा निघाला. नवा मॉनिटर १४४ वरून १२० वर आणला, १२० म्हणजे ६० ची बरोबर दुप्पट, आणि माझ्याकडं मेमरी लगेच खाली बसली. सगळ्या मॉनिटरांच्या जोड्यांना हे लागू पडेलच असं नाही, तिथं दुसरा मार्ग आहे, जुना मॉनिटर मदरबोर्डला लावायचा. त्यासाठी प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स पाहिजे, इंटेलचा नावाशेवटी एफ असलेला, म्हणजे ग्राफिक्स नसलेला असेल तर विषय संपला, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) आयजीपीयू मल्टी-मॉनिटर चालू करायला लागतं. मी तेही करून बघितलं, पण फोटोशॉपची विंडो एका स्क्रीनवरून दुसरीकडं ओढताना अडखळत होती म्हणून १२० वरच राहिलो. फ्लेक्स करायला १२० आणि १४४ मध्ये काडीचा फरक पडत नाही.

आता विजेचं. वीस वॅटनं काय होतंय असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. मेमरी वर अडकलेली असताना आणि खाली बसलेली असताना माझ्या कार्डात साधारण तेवढाच फरक दिसतो. दिवसाला दहा तास कॉम्प्युटर चालू म्हणजे महिन्याला ६ युनिट, तेही काहीही न करता! महावितरणचा शंभर युनिटच्या वरचा दर चढा आहे आणि थंडीत आमचं बिल त्या शंभराच्या आतबाहेरच असतं. कार्ड विकणाऱ्यांनी खोक्यावर गेमचे फोटो छापण्यापेक्षा दोन मॉनिटरवर रिकामं असताना किती वॅट खातं हे छापावं, हे माझं ठाम मत आहे.

मॉनिटर काळा व्हायचा त्यात अर्धा दोष केबलचा निघाला, एचडीएमआय बदलल्यावर ते पूर्ण बंद झालं. आणि डिस्प्लेपोर्ट केबलवाला मॉनिटर बटणानं बंद केला की सगळ्या विंडो दुसऱ्या स्क्रीनवर पळतात, त्याला विंडोज ११ मध्ये मल्टिपल डिस्प्लेजखाली रिमेंबर विंडो लोकेशन्सची खूण करून ठेवा.

परवा ड्रायव्हर अपडेट केला तर नवा मॉनिटर आपोआप परत १४४ वर गेलेला. अपडेटनंतर रिफ्रेश रेट (मॉनिटरचे हर्ट्झ) आणि मेमरी क्लॉक दोन्ही एकदा बघून घेत जा.