यूएसबी ब्लू-रे रायटर: चादरींच्या डिझाइनसाठी घेतलेला

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याची जॅकार्ड (मागावर विणायच्या नक्षीची) डिझाइन्स डेबियन लिनक्सच्या सर्व्हरवर असतात. त्यांच्या कायमच्या प्रतींसाठी हा रायटर घेतला. ड्रायव्हरची कटकट नाही, लावला की चालू. एक्सॉरिसो या डिस्क लिहिण्याच्या प्रोग्रॅमने २५ जीबीची बीडी-आर (एकदाच लिहिता येणारी ब्लू-रे डिस्क) ४एक्सला, म्हणजे चौपट वेगाला, साधारण २५ मिनिटांत होते. आधी फॉरमॅट करून डिफेक्ट मॅनेजमेंट (लिहितानाच खराब जागा पकडून सांभाळून घेणं) चालू ठेवलं तर वेळ जवळपास दुप्पट. लागू दे, ठेवाच! चेकसम (प्रत मुळाबरहुकूम आहे का ते पडताळायचा आकडा) जुळल्याशिवाय मात्र डिस्कवर नाव घालू नका, आणि घालायचं ते मधल्या पारदर्शक कड्यावर.

खोड एकच: सर्व्हरच्या पुढच्या पोर्टवर वीज पुरत नाही, मध्येच मान टाकतो. मागे लावा. ट्रे लेचापेचा आहे, पण पैसे वसूल. डिस्क पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, आपल्याकडचा मे महिना माहितीये ना?