158 पीएसचा कागद: रिमॅप करून घेण्याआधी हे वाचा

माझी गाडी पोलो जीटी टीएसआय, 1.2 लिटर टर्बो. कंपनीतून ती 105 पीएस पॉवर आणि 175 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) घेऊन आली. डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) आणि एअर इनटेक आधीच बदलले होते. रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये जास्त पॉवरची फाइल टाकणं, तेवढं बाकी होतं. आमच्या हिंगणघाट-वणी पट्ट्यात डायनो, म्हणजे गाडीची पॉवर मोजणारं यंत्र, कुठला? त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागतं. त्यामुळे मे महिन्यात ‘ट्रेलरवर डायनो येतोय, बंद जिनिंग मिलच्या आवारात दोन दिवस मुक्काम’ असा मेसेज फिरला आणि वरोऱ्यापासून पांढरकवड्यापर्यंतच्या पोरांनी ॲडव्हान्स टाकून नंबर लावले. रिमॅप, त्याआधीचा आणि नंतरचा रन (डायनोवरची चाचणी), वर छापील कागद, सगळं मिळून 28,000 रुपये.

माझा आधीचा रन भर दुपारी झाला. शेडमध्येच पारा 45 च्या आसपास, बोनेट बंद, समोर पाणी नसलेला एक डेझर्ट कूलर. आकडा आला 84. ट्यूनर म्हणाला, “भाऊ, चाकावर एवढेच येतात.” ते खरंच आहे. कंपनी इंजिनची पॉवर सांगते, डायनो चाकावरची मोजतो आणि मधे गिअरबॉक्स-टायर आपला वाटा खातात. मग लॅपटॉप जोडून त्यानं फाइल टाकली आणि नंतरचा रन दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता घेतला. बोनेट उघडं, समोर दोन मोठे पंखे. कागदावर 158! पोरांनी टाळ्या पिटल्या, रील काढल्या. 84 चे 158 म्हणजे 74 ची वाढ, अशी जाहिरातही लगेच सुरू झाली.

नागपूर रोडला मात्र ती वाढ काही जाणवेना. उलट उन्हात चढावर पाय दाबला की इंजिनमधून बारीक कटकट ऐकू यायची. म्हणून एका रात्री तो कागद घेऊन बसलो.

पॉवर ही काही वेगळी मोजायची गोष्ट नाही. टॉर्क गुणिले आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) भागिले 7024, आला पीएसचा आकडा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. माझ्या कागदावर 5500 आरपीएमला टॉर्कची रेघ 165 न्यूटन-मीटर दाखवत होती. गुणाकार-भागाकार केला तर 129 येतात. त्याच जागी पॉवरची रेघ मात्र 158 वर. एकाच कागदावर, एकाच आरपीएमला, दोन रेघांचं एकमेकींशी जमत नाही! 129 ला 22 टक्के वाढवून पाहिलं आणि उलगडलं. टॉर्क चाकावरचाच ठेवला होता, पॉवर मात्र ‘इंजिनची’ करून छापली होती. म्हणजे आधीचा आकडा चाकावरचा, नंतरचा इंजिनचा, आणि वजाबाकी करून 74 ची वाढ.

आणखी एक. जास्तीत जास्त टॉर्क 232 दाखवला होता, तोही चाकावरचा. त्याच 22 टक्क्यांनी इंजिनपाशी 283 होतो. या गाडीच्या ड्राय क्लच डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची मर्यादाच 250 न्यूटन-मीटरची. आकडा खरा असता तर गिअरबॉक्सचं काही खरं नव्हतं. कोपऱ्यात बारीक अक्षरात हवेचं तापमान होतं, 45 अंश. रन पहाटेचा! गरम हवेत पॉवर कमी येते, म्हणून डायनो तापमान बघून आकडा वाढवून देतो, तो करेक्शन फॅक्टर. आदल्या दुपारचा आकडा तसाच राहू दिला, की त्यातून तीनेक टक्के पॉवर फुकटात वाढते.

नंतर पुण्यात दुसऱ्या डायनोवर गाडी चढवली. एकाच गिअरमध्ये, लागोपाठ. पहिल्या रनला चाकावर 121, तिसऱ्याला 104. लॉगमध्ये चारही सिलिंडरचं स्पार्कचं टायमिंग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मागे खेचत होता, म्हणजे नॉक: पेट्रोल अवेळी भडकत होतं, ती कटकट त्याचीच. फाइल जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनवलेली, आणि आमच्या गावच्या पंपावर साधं पेट्रोल. स्पार्क प्लग काढले तर पांढऱ्या पोर्सिलेनवर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके होते. पिस्टनचं ॲल्युमिनियम झिजून तिथं येतं. अजून दोन उन्हाळे असंच चालवलं असतं तर इंजिन खोलावं लागलं असतं. मूळ फाइलचा बॅकअपही कॅम्पवाल्या ट्यूनरनं दिला नव्हता, तो पुण्याच्या मेकॅनिकनं शोधून परत टाकला.

त्या ट्यूनरला फोन केला तर आधी, “तुमच्याकडचं पेट्रोलच भेसळीचं.” मग आवाज चढवून, “करा ना तक्रार! मॉडिफाय गाडी आरटीओले दाखवता काय?” ही त्याची खरी चावी. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीनं दिलेल्या गाडीत असे बदल करू देत नाही, हे खरं आहे आणि त्याच धाकानं बाकीची पोरं गप्प बसलीत. पण कागदावर खोटा आकडा छापून पैसे घेणं हा वेगळा विषय आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मी वर्ध्याला टाकली आहे. समोरचा कलम 52 काढणारच, हे वकिलांनी आधीच सांगून ठेवलंय.

पैसे देण्याआधी हे मागाच: दोन्ही आकडे चाकावरचे, दोन्ही रन एकाच गिअरमध्ये आणि एकाच हवामानात, लागोपाठ तीन रन आणि त्यांवर एअर-फ्युएल रेशोची (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाची) रेघ. माझ्या कागदावर ती रेघच नव्हती. रनची मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, कागदाचा फोटो नको. जो खरा आहे तो देतो.

कापसाचे पैसे हाती येतात त्या सुमारास, दिवाळीनंतर, पुसद-उमरखेडकडे तो ट्यूनर कॅम्प लावतोय म्हणे. ॲडव्हान्स 5,000, ट्रेलर तोच. तिकडच्या पोरांनी आधी त्याचा जुना कागद मागवा आणि 7024 नं भागून पाहा.